साथीच्या दिवसांतील पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही अशी भगिनी आपल्यात विरळाच. शारदासदन आणि केडगावचे मुक्तिसदन यांमुळे त्या सर्वांना परिचित आहेत. पण 1897 च्या प्लेगात या बाईंनी प्रत्यक्ष सरकारला जाब विचारला होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. मंडळाच्या वर्धापनदिनी तीच सांगावीशी वाटते.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने लेकीला. पुढे दुष्काळाने आईबाप नेले. बहीणभाऊ अनवाणी देश हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली, आणि तेथील विद्वानांनी या विशीतल्या मुलीला पंडिता ही पदवी दिली. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि 1882 साली पटकीने पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा. साथीचा रोग म्हणजे काय, हे बाईंना कोणी शिकवावयास नको होते.

त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हवेत, असे आग्रहाने मांडले. परपुरुषाला दुखणे सांगण्याच्या संकोचापायी कित्येक बायका जिवास मुकतात, हे त्यांनी जाणले होते. पुढे त्या विलायतेस गेल्या, ख्रिस्ती झाल्या, अमेरिका पाहून आल्या आणि 1889 साली मुंबईत शारदासदन उघडून दुसऱ्या वर्षी ते त्यांनी पुण्यास आणले.

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यास पोहोचला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा कायदा, पण त्याने सरकारला हवे ते नियम करण्याची मुभा मिळाली, आणि त्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावाही लावता येईना. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत, अगदी माजघर व देवघरापर्यंत, शिरू लागले. आजारी माणसाला इस्पितळात, घरच्यांना छावणीत नेऊ लागले.

रोग भयंकर होता, उपाय करणे भागच होते. रमाबाईंनीही ते नाकारले नाही. त्या वेळी मध्य प्रांताच्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली सोडवून आणल्या होत्या. इतक्या मुली पुण्यात ठेवण्यास प्लेगच्या अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा त्यांनी मुलींना केडगावच्या शेतावर नेले. नियम त्यांनी पाळला.

परंतु सरकारी प्लेग-इस्पितळात तरुण मुलींच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, हे कळले तेव्हा त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या आश्रमातून तिकडे नेलेली एक मुलगी परत हाती आली नव्हती. मे 1897 मध्ये त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पत्रात, स्वतःच्या नावानिशी, हे सारे छापविले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने त्यांचे म्हणणे खोडून काढले. पण ती तक्रार विलायतेपर्यंत गेली.

त्या दिवसांत असे लिहिणे सोपे नव्हते. जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, आणि जुलैत लोकमान्य टिळकांना लेखांवरून राजद्रोहाखाली धरले. त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. नातू बंधूंना तर खटल्याविना अडकवून ठेवले. शारदासदनावरून टिळक आणि रमाबाई यांचे हाडवैर, परंतु प्लेगच्या जुलमाची तक्रार दोघांनीही केली.

पुढे बाईंनी केडगावी हजारो निराधार स्त्रियांना हाताला काम दिले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या तेथेच निवर्तल्या.

भगिनींनो, हा कायदा जुन्या दप्तरातच राहिला नाही. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या वेळी महाराष्ट्रात तोच लागू झाला. आपल्या नावडे रोड स्टेशनावरच्या प्रवासी गाड्या थांबल्या, दुकानांच्या वेळा ठरल्या, आणि आपण सर्वांनी ते सोसले. सोसणे योग्यच होते, शेजारधर्मच तो. या वेळी सरकार आपणच निवडलेले होते. म्हणून तर विचारण्याचा हक्क अधिकच. कोणाला कोठे नेले, तेथे बायामुलींची सोय काय, बंदी किती दिवसांची, हे विचारणे म्हणजे नियम मोडणे नव्हे.

रमाबाईंनी मुली केडगावला हलविल्या आणि प्रश्नही विचारला. घरात साथ आली की दार लावून घ्यावे लागते. पण त्या दारामागून आपली लेक कोठे आहे, हे विचारणाऱ्या आईचा आवाज बंद होता कामा नये. पुन्हा तशी वेळ आली, तर आपल्या मंडळाने ही दोन्ही कामे करावीत.