गणिताचे प्राध्यापक नाणी तोलत बसले आणि भारताचा इतिहास लिहायची पद्धत बदलली

वर्गात कॅल्क्युलस शिकवणारे सर घरी गेल्यावर काय करत असतील? फार तर पेपर तपासत असतील, संध्याकाळी फिरायला जात असतील, असं आपल्याला वाटतं.

१९४० च्या आसपास पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे एक प्राध्यापक मात्र वेगळ्याच कामात होते. ते तराजू घेऊन नाणी तोलत होते. एकदोन नव्हे, हजारो. दोन हजार वर्षांपूर्वीची चांदीची नाणी आणि आपल्या खिशात खुळखुळतात तसली चालू नाणीसुद्धा.

त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. लोक त्यांना डी. डी. कोसंबी म्हणून ओळखतात, आणि तेही बहुतेक इतिहासकार म्हणून. पण पगार त्यांना आयुष्यभर गणिताचाच मिळाला.

जन्म गोव्यातल्या कोसबेनचा, ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे स्वतंत्र लेखाचा विषय. बुद्धाचा शोध घ्यायचा म्हणून तरुणपणी घर सोडून निघालेला हा माणूस नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा फिरला आणि पालीचा मोठा पंडित झाला. पुढे १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. तर, अशा घरातला हा मुलगा.

धर्मानंदांना 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्डने बोलावलं. १९१८ मध्ये ते अमेरिकेला गेले तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर बरोबर होता. शाळा तिथलीच, कॉलेज हार्वर्ड. तिथे जॉर्ज बर्कहॉफ हे त्या काळातले फार मोठे गणिती होते. पोरगं हुशार आहे, त्याने गणितावर सगळं लक्ष द्यावं, असा त्यांचा आग्रह. पण दामोदरला भाषाही शिकायच्या होत्या, इतिहासही वाचायचा होता. त्याने जमतील तितके विषय घेतले आणि १९२९ मध्ये अगदी वरच्या श्रेणीत पदवी मिळवली. पुढे पीएचडी मात्र कधीच केली नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढे परत येणार आहे. एकाच विषयाला धरून राहा, हा सल्ला कोसंबींना विसाव्या वर्षापासून मिळत होता. त्यांनी तो एकदाही ऐकला नाही.

भारतात परतल्यावर पहिली नोकरी बनारस हिंदू विद्यापीठात. तिथून १९३१ मध्ये अलीगढ. अलीगढला गणित विभागाचा प्रमुख होता पंचविशीतला फ्रेंच गणिती आंद्रे वेल. दोघांचं चांगलं जमलं. तिथल्याच काळातला एक किस्सा गणितवाल्यांमध्ये अजून सांगितला जातो. एका सहकाऱ्याची फिरकी घेण्यासाठी वेलच्या सांगण्यावरून कोसंबींनी एक शोधनिबंध छापला आणि त्यात बोर्बाकी नावाच्या कुणा काल्पनिक गणितज्ञाचं प्रमेय दाखवलं. काही वर्षांनी वेल आणि त्याच्या फ्रेंच दोस्तांनी याच टोपणनावाने एकत्र पुस्तकं लिहिली, आणि निकोला बोर्बाकी हे विसाव्या शतकातल्या गणितातलं मोठं नाव झालं. बोर्बाकी हे नाव गणिताच्या निबंधात छापून आलं ते असं, भारतातून, गंमत म्हणून.

मग फर्ग्युसन. ज्या कॉलेजात वडिलांनी पाली शिकवली होती तिथेच १९३३ च्या सुमारास मुलगा गणित शिकवू लागला. पुढची बारा वर्षं तो तिथेच होता. १९३४ मध्ये गणितासाठी रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. शिक्षक म्हणून मात्र कडक. ज्याला झेपेल त्याला सोनं, बाकीच्यांच्या डोक्यावरून जायचं.

आता त्या नाण्यांकडे येऊ.

कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचं होतं. नुसती पुस्तकं वाचून ते येत नाही, हातात खरी आकडेवारी लागते. त्यांनी नाणी धरली. कल्पना अगदी साधी आहे. टांकसाळीतून एकाच दिवशी बाहेर पडलेली नाणी जवळपास सारख्या वजनाची असतात. मग ती बाजारात जातात. या हातातून त्या हातात, थैलीत, गल्ल्यात घासत राहतात आणि दर वर्षी धातूचा अगदी बारीक कण गमावतात. म्हणजे नाणं जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी. शिवाय सगळी नाणी सारखी फिरत नाहीत, कुणी जास्त झिजतं, कुणी कमी. त्यामुळे वजनांमधला फरकही वाढत जातो. एका नाण्यावरून काहीच कळत नाही. शेकडो नाणी तोलली की मात्र झिजेचा हिशेब दिसायला लागतो. आधी चालू काळातल्या नाण्यांवर त्यांनी हे तपासून घेतलं.

मग घेतली तक्षशिलेची आहत नाणी. आहत म्हणजे ठसे ठोकून केलेली. मौर्यांच्या आधीपासून ती चालत होती, आणि त्यांच्यावर राजाचं नाव नाही की वर्ष नाही. पुढच्या बाजूला सूर्य, डोंगर, प्राणी अशी चिन्हं आणि मागच्या बाजूला बारीक बारीक ठसे. कोसंबींना दिसलं की मागचे ठसे जितके जास्त तितकं वजन कमी. म्हणजे ते ठसे नाणं चलनात असताना वेळोवेळी तपासणीसाठी मारले गेले असणार. ही किल्ली सापडल्यावर पुढच्या चिन्हांचे गट लावता आले: कुठला गट जुना, कुठला नंतरचा. ज्या नाण्यांवर एक अक्षर लिहिलेलं नाही, त्यांचा क्रम एका गणिताच्या मास्तरांनी तराजूवर लावला.

आणि इथून ते अडकतच गेले. नाण्यांचा क्रम लागला, पण ती पाडली कुणी? पुराणं आणि बौद्ध ग्रंथ वाचल्याशिवाय ते कळेना. म्हणजे संस्कृत पक्कं हवं. संस्कृतचा हात बसावा म्हणून भर्तृहरीची सुभाषितं घेतली, तर प्रत्येक हस्तलिखितात श्लोक वेगळे. मग साडेतीनशेहून जास्त हस्तलिखितं ताडून त्यांनी १९४८ मध्ये भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली. हे पूर्ण वेळ संस्कृत शिकवणाऱ्याचंही आयुष्यभराचं काम झालं असतं.

ग्रंथांनीही समाधान होईना, कारण ते लिहिणारे वरच्या थरातले. बाकीच्यांचा इतिहास कुठे आहे? तर तो पायाखाली. कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर फिरायला लागले. गारगोटीची बारीक दगडी हत्यारं गोळा करायला लागले. वेताळ, म्हसोबा, बोल्हाई यांची ठाणी कुठे आहेत ते पाहायला लागले. धनगर मेंढ्या घेऊन वर्षभर कुठल्या वाटेने जातात, पंढरीची पालखी कुठल्या वाटेने जाते, हे विचारायला लागले. त्यांचं म्हणणं होतं की शेती यायच्या आधी शिकारी आणि पशुपालक ज्या वाटांनी हिंडत, त्याच वाटांवर देवींची जुनी ठाणी आहेत आणि पुढे वारीही त्याच वाटांनी चालली. याचे तपशील 'मिथ अँड रिअॅलिटी' या १९६२ च्या पुस्तकात आहेत. सगळेच निष्कर्ष आज मान्य होतील असं नाही, पण म्हसोबाला इतिहासाचा पुरावा म्हणून विचारात घेणं हेच त्या काळी नवं होतं.

लेण्यांबद्दलही तसंच. कार्ले, जुन्नर इथली लेणी भिक्षूंनी एकांत म्हणून खोदली, असं आपण सहलीत ऐकतो. कोसंबींनी विचारलं की पैसे कुणी दिले आणि जवळून रस्ता कुठला जात होता? लेणी घाटवाटांच्या तोंडाशी आहेत आणि दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, हे त्यांनी दाखवलं. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीच्या विजासन टेकडीतली बौद्ध लेणी पाहायला गेलात तर हाच प्रश्न तिथे विचारून बघा. आज कोळशाच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावात ती लेणी कुणाच्या पैशातून आणि कुठल्या वाटेच्या काठाला उभी राहिली असतील?

या सगळ्यातून १९५६ मध्ये त्यांचं 'अॅन इंट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' आलं. कोसंबी मार्क्सवादी होते, पण युरोपचा साचा जसाच्या तसा इथे बसवायला त्यांचा विरोध होता. राजांची यादी आणि सनावळी बाजूला ठेवून नांगर, लोखंड, जमीन आणि जात यांच्यातून इतिहास सांगणारं हे पुस्तक. पुढच्या इतिहासकारांनी त्यांच्याशी वाद घातले, पण त्यांना टाळून कुणाला जाता आलं नाही.

मग गणित सोडलं होतं का? नाही ना! १९४४ मध्ये, म्हणजे याच नाण्यांच्या काळात, त्यांनी जनुकशास्त्रातलं एक सूत्र दिलं. दोन जनुकं गुणसूत्रावर एकमेकांपासून किती लांब आहेत हे थेट मोजता येत नाही. पुढच्या पिढीत ती किती वेळा वेगळी होतात, यावरून अंदाज करतात. पण एका जागी गुणसूत्र तुटून जोडलं गेलं की शेजारी लगेच दुसऱ्यांदा तसं होण्याची शक्यता कमी असते. कोसंबींनी हे हिशेबात धरलं. जनुकं ३० टक्के वेळा वेगळी झाली तर हॅल्डेनच्या जुन्या सूत्राने अंतर येतं सुमारे ४५.८ सेंटीमॉर्गन आणि कोसंबींच्या सूत्राने ३४.७. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही दोन पर्याय येतात, हॅल्डेन आणि कोसंबी. त्यावर क्लिक करणाऱ्या किती जणांना माहीत असेल की हा माणूस म्हसोबाच्या मागे फिरत होता!

१९४५ मध्ये फर्ग्युसन सुटलं आणि होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. संस्था मुंबईत, घर पुण्यात, भांडारकर संस्थेजवळ. मग डेक्कन क्वीनने जा-ये. गाडीत वाचन आणि लेखन.

सुरुवातीला भाभांशी छान होतं. नंतर बिनसत गेलं. भाभा म्हणजे देशाचा अणुकार्यक्रम. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत, आणि उघडपणे सांगायचे की भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेवर पैसा लावावा. भाभांच्याच संस्थेत बसून हे बोलणं सोपं नव्हतं.

त्यात एक चूक कोसंबींचीही झाली. रीमान हायपोथेसिस हा गणितातला सगळ्यात अवघड समजला जाणारा प्रश्न. १९५९ मध्ये त्यांनी संख्याशास्त्राच्या मार्गाने त्याला हात घातला आणि निबंध छापला तो कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही. संभाव्यतेचा जो हात नाण्यांवर चालला होता तो इथे चालला नाही. गणितवर्तुळात त्यांची पत गेली आणि ज्यांना त्यांचं इतिहासात रमणं खटकत होतं त्यांना निमित्त मिळालं.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. नोकरी गेली तेव्हा वय होतं पंचावन्नच्या आसपास.

आता यात विस्कळीतपणा किती आणि राजकारण किती, यावर आजही दोन मतं आहेत. आमचं मत विचाराल तर, नाण्यांपासून लेण्यांपर्यंतचा प्रवास हा छंदांचा पसारा नव्हता. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुढच्या विषयात होतं आणि ते तिकडे जात राहिले. रीमानच्या बाबतीत ते चुकले, ते मात्र चुकलेच.

१९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून जागा दिली आणि काम पुन्हा पुण्यातून सुरू झालं. फेब्रुवारी १९६६ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांचा लेख आला. विषय पुन्हा तोच, नाण्यांचं वजन. त्याच वर्षी २९ जूनला पुण्याच्या घरी झोपेतच ते गेले. अठ्ठावन्न वर्षांचे होते. मुलगी मीरा कोसंबी पुढे समाजशास्त्रज्ञ झाल्या आणि आजोबा धर्मानंदांचं लेखन त्यांनी इंग्रजीत आणलं. २००८ मध्ये भारत सरकारने डी. डी. कोसंबींचं टपाल तिकीट काढलं. त्यांचे गणिताचे आणि संख्याशास्त्राचे निवडक निबंध एकत्र पुस्तकात यायला मात्र २०१६ साल उजाडलं.