पीटीएचचे दोन रिपोर्ट वेगळे का येतात? डॉ. बर्सन यांची गोष्ट

पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजेच पीटीएच, हाडांमधले कॅल्शियम रक्तात आणते. मूत्रपिंडाच्या आजारात किंवा हाडे ठिसूळ झाल्यावर डॉक्टर ही तपासणी सांगतात. दोन लॅबमध्ये दोन वेगळे आकडे आले की कोणती लॅब चुकली, असा प्रश्न तुम्हाला पडतो. बऱ्याचदा कोणीच चुकलेले नसते. ही गोष्ट प्रथम दाखवून देणाऱ्यांपैकी एक होते डॉ. सॉलोमन बर्सन.

त्यांचा जन्म १९१८ मध्ये न्यूयॉर्कला झाला. सुरुवातीला २१ वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांना प्रवेश नाकारला. तरीही ते डॉक्टर झाले आणि १९५० मध्ये ब्रॉन्क्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो यांच्यासोबत काम करू लागले. रक्तातले हार्मोन इतके थोडे असते की ते मोजणे फार अवघड होते. या दोघांनी अँटिबॉडी आणि किरणोत्सारी पदार्थ वापरून त्यासाठी रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत शोधली. तिचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. आधी इन्सुलिन आणि १९६३ मध्ये इतर संशोधकांसह पीटीएच त्यांनी मोजून दाखवले.

पुढे एक अडचण आली. तेच रक्त वेगवेगळ्या अँटिबॉडी वापरून तपासले, तर पीटीएचचे आकडे जुळेनात. बर्सन आणि यालो यांनी ही विसंगती लपवली नाही, १९६८ मध्ये ती प्रसिद्ध केली. पीटीएच ही ८४ अमिनो आम्लांची साखळी आहे. रक्तात अख्ख्या साखळीबरोबर तिचे तुकडेही फिरतात आणि प्रत्येक अँटिबॉडी साखळीचा ठरावीक भागच ओळखते. मूत्रपिंड नीट काम करत नसेल, तर हे तुकडे रक्तात साठतात. त्यामुळे अशा रुग्णांमध्ये फरक जास्त दिसतो. आजच्या तपासण्या खूप सुधारल्या आहेत, पण हा फरक पूर्णपणे गेलेला नाही.

१९७२ मध्ये एका वैद्यकीय परिषदेसाठी गेले असताना बर्सन यांचे हृदयविकाराने निधन झाले. वय होते अवघे ५३. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. मरणोत्तर नोबेल दिले जात नसल्याने बर्सन त्यात नव्हते. यालो यांनी आपल्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले होते.

त्यांच्या या कामातून तुम्ही एवढे लक्षात ठेवा:

- पीटीएच शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने तपासा.
- आकडा त्याच रिपोर्टवरील सामान्य मर्यादेशी ताडून पाहा, शेजाऱ्याच्या रिपोर्टशी नको.
- लॅब बदलली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.
- आकडा अचानक वाढला किंवा कमी झाला म्हणून स्वतःहून औषध बंद करू नका किंवा वाढवू नका. कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी आणि क्रिएटिनिन पाहूनच डॉक्टर निर्णय घेतात.