वागणूक हाच खरा हुकूम : राजर्षी शाहूंचा धडा

दरवर्षी २६ जून उजाडला की सरकारी कचेऱ्यांतून राजर्षी शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार घातला जातो. सामाजिक न्याय दिनाचे भाषण होते, पेढा वाटला जातो आणि साहेब आपल्या केबिनमध्ये परत जातात. भाषणात महाराजांचे आरक्षण येते, वसतिगृहे येतात, माणगावची परिषदही येते. पण महाराज हे हजारो नोकरांचे धनी होते, त्यांच्या हाताखाली मामलेदार, शिरस्तेदार, कारकून, शिपाई, मोतद्दार अशी मोठी फौज राबत होती आणि या फौजेला त्यांनी कसे वळण लावले, हा विषय मात्र कोणी काढत नाही. काढला तर केबिनमधल्या साहेबालाच अडचणीचे होईल!

कोणताही साहेब रोज दोन प्रकारचे हुकूम काढत असतो. एक लेखी. त्याला जावक क्रमांक असतो, तारीख असते, सही-शिक्का असतो. दुसरा हुकूम त्याच्या वागण्यातून निघतो. कोणाला खुर्ची दिली, कोणाला उभे ठेवले, कोणाच्या टेबलाशी थांबून चौकशी केली आणि कोणाला ओलांडून पुढे गेला, हे सारे हुकूमच असतात. त्यांना जावक क्रमांक नसतो, पण दारातला शिपाई ते सर्वांत आधी वाचतो आणि तंतोतंत अंमलात आणतो.

वकिलीत आम्हाला हे वारंवार दिसते. आमच्याकडे एकदा एक बौद्ध अधिकारी आले. बढतीने वरच्या जागेवर गेले होते. नव्या साहेबाने त्यांना एका शब्दानेही दुखावले नव्हते. फक्त त्यांचे टेबल गॅलरीच्या टोकाला लावले, बैठकीला त्यांना बोलावणे सोडले आणि त्यांच्या फायली परस्पर हाताखालच्या कारकुनाकडे पाठवायला सुरुवात केली. महिनाभरात शिपायाने त्यांच्या टेबलावर पाणी ठेवणे बंद केले. पाणी ठेवू नकोस असे त्या शिपायाला कोणीही सांगितले नव्हते. ते गृहस्थ आम्हाला विचारत होते, वकीलसाहेब, कोर्टात दाखवू तरी काय? आमच्याजवळ त्यांना देण्यासारखे उत्तर नव्हते. त्या दिवशी आम्हाला शाहू महाराजांची फार आठवण झाली.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. कागलच्या घाटगे घराण्यातला हा मुलगा, नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू झाला. राजकोटला व नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती आली तेव्हा महाराज अवघे विशीतले होते.

त्या वेळी कोल्हापूरची कचेरी कशी होती? सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनी पाचशेच्या घरात, त्यात ब्राह्मणेतर अवघे दहा! राज्य छत्रपतींचे, रयत बहुजनांची आणि लेखणी मात्र एकाच जातीच्या हातात. खेड्यातून सारा भरायला आलेल्या कुणब्याला, महाराला, मांगाला या कचेरीच्या पायरीवरच कळत होते की हे घर आपले नाही. ते सांगणारी पाटी दारावर लावण्याची कोणाला गरजच नव्हती.

तरुण महाराजांनी हे ओळखले. १८९५ साली भास्करराव जाधवांसारख्या विद्वान मराठा तरुणाला त्यांनी राज्याच्या सेवेत घेतले. दुष्काळ आणि प्लेगच्या काळात महाराज स्वतः गावोगाव फिरले. राजाच उन्हातान्हात फिरतो म्हटल्यावर मामलेदाराला सावलीत बसून अहवाल लिहिणे कठीण जाते. दौऱ्यावर जाण्याचे परिपत्रक काढण्यापेक्षा हे अधिक परिणामकारक होते.

पुढे १८९९ साली वेदोक्त प्रकरण उभे राहिले. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी भट पुराणोक्त मंत्र म्हणतो, कारण त्याच्या लेखी छत्रपतीसुद्धा शूद्र! राजवाड्याच्या धर्मकृत्यांसाठी ज्या राजोपाध्यांना पिढ्यान्‌पिढ्या इनामे दिलेली, त्यांनीही वेदोक्त पद्धतीने काम करण्यास नकार दिला. धन्याचे अन्न खावे आणि धन्यालाच हीन ठरवावे, असा हा प्रकार होता. महाराजांनी घाई केली नाही. चौकशी केली, संधी दिली आणि १९०२ साली राजोपाध्यांचे इनाम जप्त केले. दरबारातल्या प्रत्येक नोकराने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. जातीच्या बळावर राज्याची आज्ञा मोडता येणार नाही, हा तो अर्थ होता. या अपमानाने महाराजांच्या मनावर आणखी एक परिणाम झाला. ज्या राजाला शूद्र म्हटले गेले त्याला त्याच्या राज्यातल्या अतिशूद्राचे दुःख अधिक जवळून दिसू लागले.

त्याच वर्षी २६ जुलैचा तो ऐतिहासिक हुकूम निघाला. महाराज तेव्हा इंग्लंडला गेले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेल्या जाती वगळून बाकी सर्व मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या. हा पन्नास टक्क्यांचा आकडा आपल्याला तोंडपाठ आहे. पण वकील म्हणून आमचे लक्ष त्या हुकुमाच्या शेवटच्या भागाकडे जाते. ज्या खात्यात मागासवर्गीय निम्म्याहून कमी असतील तिथे पुढची नेमणूक त्यांचीच करायची आणि झालेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवायचा, असे त्यात बजावले होते. खातेप्रमुखाला कळून चुकले की हा हुकूम गॅझेटात छापून विसरण्यासाठी नाही, दर तीन महिन्यांनी आपल्याला जाब द्यायचा आहे. दहा वर्षांत फरक दिसला. १९१२ साली ९५ अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ उरले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या संस्थानी हुकुमात हिशेब मागण्याची जी खबरदारी आहे, ती आजही किती खात्यांतून पाळली जाते?

तरीही नेमणूक म्हणजे सन्मान नव्हे. याचा सर्वांत कटू पुरावा बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे. १९१७ साली परदेशातून उच्च विद्या घेऊन बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. सयाजीराव महाराजांचे आपल्या समाजावर मोठे उपकार आहेत, त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर लांबून फायली फेकत होते. त्यांना तिथे प्यायला पाणी मिळत नव्हते आणि शहरात राहायला जागा मिळाली नाही. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. महाराजांच्या मनातली समता मधल्या अधिकाऱ्यांच्या वागण्यात उतरली नव्हती. शिपायाने महाराजांचे मन वाचले नाही, त्याने आपल्या लगतच्या साहेबाचा चेहरा वाचला!

कोल्हापुरातही हे घडत नव्हते असे नाही. गंगाराम कांबळे हे महाराजांच्याच पागेत नोकरीला होते. महाराज बाहेरगावी असताना त्यांनी पाण्याच्या हौदाला स्पर्श केला म्हणून पागेतल्या सवर्ण नोकरांनी त्यांना निर्दयपणे मारले. म्हणजे राजवाड्याच्या पागेतसुद्धा जातीचाच कायदा चालू होता! महाराज परतल्यावर गंगाराम त्यांच्यापुढे गेले. महाराजांनी मारहाण करणाऱ्यांना स्वतः चाबकाने फोडून काढले, अशी हकीकत सांगितली जाते. चाबूक हा आजच्या कायद्यात बसणारा उपाय नाही, आम्ही त्याचे समर्थन करणार नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतर घडले ते.

नोकरी सोडून गंगारामांनी महाराजांच्या मदतीने कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचे दुकान काढले. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. हे कळल्यावर महाराजांनी आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करायला सुरुवात केली. गंगारामला हाक मारून चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही प्यायला लावायचा. छत्रपतींच्या हातात कप आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? या चहाचा कोणताही लेखी हुकूम निघाला नाही. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याचीच चर्चा झाली असणार, आणि कालपर्यंत महार शिपायाची सावली टाळणाऱ्या कारकुनाच्या मनात प्रथमच भीती शिरली असणार. अन्यायाचा अर्ज निकाली काढणारे धनी पुष्कळ असतात. अन्याय झालेल्या नोकराच्या हातचा कप सर्वांसमोर तोंडाला लावणारा धनी विरळा!

महाराजांनी हे धोरण सर्वत्र चालवले. अस्पृश्यांना त्यांनी हत्तीवर माहूत म्हणून बसवले, आपल्या गाडीवर कोचमन म्हणून घेतले. ज्यांची सावली रस्त्यावर चालत नव्हती, ते रस्त्यातून सर्वांच्या डोक्यावरून जाऊ लागले आणि खुद्द राजाचा जीव त्यांच्या हाती आहे हे लोकांनी पाहिले. ज्या फासेपारध्यांना सरकार जन्मजात गुन्हेगार समजत होते, त्यांना महाराजांनी पहारेकरी नेमले. १९१८ साली कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी आणले आणि त्या जागांवर अस्पृश्य तरुणही घेतले. गावाच्या दफ्तराला महाराचा हात लागला! काही अस्पृश्य तरुणांना तर त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. आज आम्ही अंगात काळा कोट घालून कोर्टाची पायरी चढतो तेव्हा बाबासाहेबांच्या संविधानाबरोबरच त्या सनदांचेही ऋण आमच्या डोक्यावर असते.

१९१९ साली महाराजांनी नोकरवर्गासाठी अत्यंत कडक आदेश काढले. सरकारी कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच समतेने वागवावे. ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही! आजच्या भाषेत सांगायचे तर सेवाशर्तीत समता घातली गेली. जात पाळायची असेल तर घरी पाळा, सरकारी पगारावर पाळता येणार नाही, हा त्याचा अर्थ. आणि हा आदेश लोकांना खरा वाटला, कारण तो काढणाऱ्या राजाला त्यांनी महाराच्या दुकानात चहा पिताना पाहिले होते.

याच सुमारास महाराजांनी मुंबईत परळच्या चाळीत जाऊन बाबासाहेबांची भेट घेतली. राजा आपल्या पायांनी चाळीचा जिना चढला. ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तिला महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे असे त्यांनी समाजाला सांगितले. अध्यक्षाच्या खुर्चीवर अठ्ठावीस वर्षांचा तरुण आणि समोर त्याचा गौरव करणारे छत्रपती, हे दृश्य पाहून संस्थानचे अधिकारी घरी गेले तेव्हा काय घेऊन गेले असतील?

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पूर्ण नव्हते. त्यांचे पहिले स्मारक कोल्हापुरात उभारले ते कोणा सरदाराने नव्हे, गंगाराम कांबळे यांनी! धन्याच्या वागणुकीची ही पावती आहे.

आज आपल्याजवळ महाराजांपेक्षा अधिक कायदे आहेत. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकालाही शिक्षा आहे. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण कायद्यात आरक्षण डावलणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. तरीही अनुशेष राहतो, योग्य उमेदवार मिळाला नाही असा शेरा पडतो, कंत्राटी भरतीने आरक्षणाला बगल दिली जाते. कारण वरून निघणारा दुसरा हुकूम वेगळा असतो. बिंदुनामावली न पाहणारा मंत्री आणि ती कपाटात ठेवणारा सचिव खालच्यांना जे सांगायचे ते बरोबर सांगत असतात.

पण बोट केवळ दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. आरक्षणाच्या बळावर आपली माणसे आज साहेब झाली आहेत. त्यांना आम्ही विचारतो, तुमच्या कार्यालयातील कंत्राटी सफाई कामगाराला बसायला जागा आहे काय? त्याचा पगार वेळेवर होतो की नाही हे तुम्ही कधी पाहिले काय? समाजातला माणूस अर्ज घेऊन आला तर तुम्ही नजर चुकवता काय? आपली जात कळू नये म्हणून बाबासाहेबांचा फोटो घरातच ठेवून जर तुम्ही खुर्चीवर बसत असाल, तर हाताखालच्या मागासवर्गीय कारकुनाला तुम्ही मान खाली घालण्याचाच हुकूम देता. आणि आमच्या संघटनांचे पुढारीही यातून सुटत नाहीत. व्यासपीठावर समता आणि कार्यकर्त्याला सतरंजी उचलायला लावून स्वतः वेगळ्या पंगतीत जेवण, हेही खालचा माणूस वाचत असतो.

येत्या २६ जूनला महाराजांना हार जरूर घाला. पण त्याआधी आपल्या कार्यालयात, संस्थेत, घरात जो माणूस सर्वांत खालच्या पगारावर राबतो, त्याच्या शेजारी बसून सर्वांदेखत चहा घ्या आणि त्याच्या हक्काचा कोणता कागद अडला आहे ते विचारा. तो कागद त्याच दिवशी सही करून सोडवा. महाराजांना अभिवादन करायचे ते असे.

जयभीम!