ओढ्यातील मोटार आणि अर्नेस्ट होम्स

थोरांची चरित्रे लिहावयास बसले असता राजे, सेनापती, साधुसंत व कविवर्य यांचीच नावे लेखणीपुढे येऊन उभी राहतात, आणि ते योग्यही आहे. परंतु समाजाचा गाडा ज्यांच्या कष्टांवर चालतो, अशा कारागिरांची चरित्रे शाळेच्या वार्षिकांतून क्वचितच आढळतात. यंदाच्या अंकात ही उणीव अल्पांशाने भरून काढावी, या हेतूने आम्ही अर्नेस्ट होम्स या अमेरिकन कारागिराची ओळख वाचकांस करून देत आहोत. बंद पडलेली मोटार उचलून ओढून नेणाऱ्या गाडीचे जनक म्हणून त्या धंद्यातील लोक जगभर त्यांचे नाव आदराने घेतात. आमच्या विद्यार्थ्यांस मात्र ते बहुधा अपरिचितच असेल. आणि एक लहानसा प्रसंग घडला नसता, तर आम्हांसही ते हुडकण्याची बुद्धी झाली नसती.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एके सायंकाळी आम्ही तारकर्लीच्या किनाऱ्यावर फिरावयास गेलो होतो. घाटावरून आलेल्या एका कुटुंबाने ओहोटीच्या वेळी आपली मोटार ओल्या वाळूवर उतरवली होती. परतताना तिची पुढची चाके रुतली. चालक जसजसा जोर लावी, तसतशी ती अधिकच खोल जात. इतक्यात भरतीस आरंभ झाला. रापणीचे काम आटोपून बसलेले दहा-बारा मच्छीमार बांधव धावून आले. त्यांनी हातांनी वाळू उपसली, फळ्या आणून चाकांखाली सरकवल्या, दोर बांधला आणि एका सुरात ओढण्यास प्रारंभ केला. पाऊण तासाने मोटार सुटली, तेव्हा पाणी तिच्या दारापर्यंत पोहोचले होते. सर्वांनी देवाचे आभार मानले व जो तो आपापल्या घरी गेला. आम्हीही गेलो.

पुढे आठ दिवस लोटले नाहीत तोच, जवळजवळ त्याच जागी दुसरी मोटार रुतल्याची वार्ता आली. त्या वेळीही वाळू हातांनी उपसणे, फळ्या शोधणे, दोर मागून आणणे हे सर्व पहिल्यापासून करावे लागले. आणि या खेपेस जुना दोर तुटून एका तरुणाच्या हातास चांगलीच दुखापत झाली. पहिल्या दिवशी तेथे उभे असलेले आम्ही सुशिक्षित म्हणविणारे लोक. पण पुढल्या वेळेची काही तजवीज करून ठेवावी, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही, याची आम्हांस लाज वाटली. होम्स यांच्या चरित्राकडे आमचे लक्ष वळले ते त्यानंतर.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टेनेसी नावाचे राज्य आहे. त्यात टेनेसी नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत, चॅटनूगा हे शहर वसले असून त्याच्या हद्दीतून चिकामॉगा नावाचा ओढा वाहतो. मराठी ख्रिस्ती वाचकांस या ओढ्याविषयी एका कारणाने अगत्य वाटावे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी 1813 साली मुंबईस आले व ज्याने पुढे 1831 साली अहमदनगर येथे कार्य आरंभिले, त्याच बोर्डाने 1817 साली या ओढ्याकाठी चेरोकी लोकांकरिता ब्रेनर्ड नावाचे मिशन व शाळा उघडली होती. 1838 साली सरकारने चेरोकी लोकांस त्यांच्या भूमीतून बळाने घालवून दिले, आणि त्या मिशनचाही शेवट झाला. पुढे तेथे आगगाड्या आल्या, कारखाने निघाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीही धावू लागल्या. याच शहरात होम्स यांचे मोटारी दुरुस्त करण्याचे गॅरेज होते.

त्या काळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. हेन्री फोर्ड यांची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटार 1908 साली बाजारात आली, आणि थोड्याच वर्षांत शेतकरी, डॉक्टर, पाद्री व शिक्षक अशा सामान्य ऐपतीच्या लोकांच्या दारीही ती दिसू लागली. मोटारी झपाट्याने वाढल्या; रस्ते मात्र बैलगाडीच्या व घोडागाडीच्या काळचेच राहिले. मोटार बंद पडली की घोडे जोडून ती ओढावी, आणि खळग्यात गेली की गावची माणसे जमवावी, याखेरीज दुसरा उपाय नव्हता. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याचे लोक त्या काळी मुंबईस आगबोटीने जात. म्हणून ही अडचण आपल्याकडे फारशी जाणवली नाही, इतकेच.

1916 साली होम्स यांचे स्नेही जॉन वायली यांची मोटार रस्ता सोडून चिकामॉगा ओढ्यात जाऊन पडली. त्यांनी होम्स यांस मदतीस बोलाविले. होम्स पाच-सहा माणसे, दोर व ठोकळे घेऊन निघाले. ती मोटार आजच्या मानाने हलकी होती, तरी ती वर काढण्यास त्या सर्वांस सुमारे आठ तास राबावे लागले.

अशा श्रमानंतर सामान्य मनुष्य काय करतो? हातपाय धुतो, आपल्या पराक्रमाची कथा चार जणांस सांगतो आणि झोपी जातो. होम्स यांनी निराळेच केले. आज सहा माणसांस आठ तास लागले. उद्या हाच प्रसंग एकट्या दुकट्यावर, रात्री किंवा पावसात आला तर काय, हा प्रश्न त्यांनी मनाशी धरला. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील थोरवी येथेच आहे. मित्राची मोटार काढणे हा स्नेहधर्म झाला; परंतु ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याची मोटार उद्या कशी निघेल याची चिंता वाहणे, हा त्याहून मोठा धर्म होय.

त्यांनी 1913 सालच्या एका कॅडिलॅक मोटारीच्या मागील भागावर तीन खांब उभे केले आणि त्यांस कप्पी व साखळी जोडली. विहिरीवरील रहाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांस यातील तत्त्व समजण्यास अडचण पडू नये. कप्पीमुळे ओढीची दिशा बदलते. आणि भाराबरोबर वर सरकणारी दुसरी कप्पी जोडली, तर दोर दुप्पट ओढावा लागतो, पण जोर सुमारे निम्माच पुरतो. तथापि त्यांचा पहिला प्रयत्न मनाजोगता झाला नाही. बैलगाडीत मागच्या बाजूस अधिक ओझे पडले की गाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते, हे आपल्या शेतकरी पालकांस सांगावयास नको. मोटारीच्या पाठीवरून दुसरे जड धूड उचलताना हेच संकट उभे राहते. उचलणाऱ्या गाडीची पुढची चाकेच जमीन सोडू पाहतात, किंवा ती बाजूस कलंडते.

होम्स खचले नाहीत. त्यांनी आपली रचना मोडून पुन्हा बांधली. गाडीस दोन्ही अंगांनी जमिनीवर टेकणारे आधार दिले आणि एका भुजेऐवजी दोन भुजा बसविल्या. एका भुजेचा दोर खळग्यातील मोटारीस बांधावा व दुसरीचा विरुद्ध बाजूच्या झाडास, म्हणजे एकीची ओढ दुसरीने तोलली जाते व गाडी जागची हलत नाही. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढताना दोन रांगा जाळ्याची दोन टोके सारख्या जोराने ओढतात. एक रांग ढिली पडली तर जाळे वाकडे येते. समतोल ओढीचे तेच मर्म होम्स यांनी लोखंडात उतरविले. त्यांनी या रचनेचे पेटंट घेतले, आणि दुरुस्तीचे गॅरेज चालविणारा हा गृहस्थ कारखानदार झाला.

त्यांचे आरंभीचे यंत्र 680 या नावाने प्रसिद्ध होते व त्याची किंमतही तितकेच डॉलर होती. लहान गॅरेजवाल्यांस ती परवडेना, असे दिसून येताच त्यांनी 485 डॉलरांचे साधे यंत्र काढले व त्यास 485 हेच नाव दिले. साधन उत्तम असूनही गरिबाच्या आटोक्यात नसेल, तर त्याचा उपयोग अर्धाच, हे व्यवहारज्ञान त्यांच्या ठायी होते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांबरोबर होम्स यांच्या कारखान्याची डब्ल्यू-45 ही यंत्रे डायमंड टी मोटारींवर बसून गेली. तिच्या दोन भुजांपैकी प्रत्येकीची शक्ती पाच टनांची होती. होम्स यांच्यामागे त्यांच्या पुत्राने कारखाना सांभाळला. 1973 साली तो दुसऱ्या कंपनीकडे गेला.

चॅटनूगा येथे या धंद्याचे एक संग्रहालय असून ते 1995 साली उघडण्यात आले. त्याच्या आवारात एक स्मारकभिंत आहे. रस्त्यावर दुसऱ्याची गाडी सोडविताना ज्यांचे प्राण गेले, अशा कामगारांची नावे तिच्यावर कोरली आहेत. त्यांपैकी कित्येक जण काम चालू असता बाजूने भरधाव जाणाऱ्या वाहनांखाली सापडले. आपल्या आंबोली, फोंडा व करूळ या घाटांत वळणावर मोटार ओढण्याचे काम चालले असेल, तेव्हा आपले वाहन हळू करून दूरून न्यावे, इतका बोध तरी प्रत्येकाने त्या भिंतीपासून घ्यावा.

हल्ली या साधनांचे एक धाकटे भावंड प्रचारात आहे. त्यास टो डॉली म्हणतात. ही दोन चाकांची बुटकी गाडी असते. ओढणाऱ्या वाहनाच्या मागे ती जोडावयाची, बंद मोटारीची पुढची चाके तिच्यावर चढवून रुंद पट्ट्यांनी आवळावयाची आणि मागची चाके रस्त्यावर फिरू द्यावयाची. ज्या मोटारीस यंत्राचा जोर पुढच्या चाकांत मिळतो, तिला हे साधन सोयीचे. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारी याच जातीच्या आहेत. ज्यांचा जोर मागच्या किंवा चारही चाकांत असतो, त्या अशा रीतीने नेल्यास गिअरबॉक्सची हानी होऊ शकते. म्हणून त्यांस पूर्ण उचलून नेणे इष्ट. ओझे चढविलेली डॉली मागे घेऊ नये. तिला एकाहून अधिक सांधे असल्याने ती तत्काळ आडवी होते.

परंतु साधन विकत घेणे निराळे व ते राखणे निराळे. निघण्यापूर्वी टायरांतील हवा पाहावी, पट्ट्या कोठे उसवल्या आहेत काय ते चाचपावे, जोडाखाली संरक्षक साखळ्या बांधाव्या. थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्ट्या पुन्हा आवळाव्या आणि चाकांच्या मध्यभागी जपून हात धरून पाहावा. एक चाक दुसऱ्याहून फार तापले असेल, तर आतील बेअरिंगचे वंगण संपले आहे किंवा बेअरिंग झिजले आहे, असे समजावे. आमच्या किनाऱ्यावरील खारी हवा लोखंड लवकर खाते. वेल्डिंगला तडा गेला असता वरून रंग फासणे आणि फाटक्या पट्टीस गाठ मारणे, ही दुरुस्ती नव्हे. ती स्वतःची व मागून येणाऱ्या निरपराध वाटसरूची फसवणूक होय. तडा घासून नीट सांधावा, पट्टी नवी घ्यावी.

येथे पालकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलाने पुस्तक टाकून पान्हा हाती घेतला की कित्येक घरांत कपाळास हात लावला जातो. पण होम्स हे तेलाने माखलेल्या हातांनी काम करणारे गृहस्थ होते, आणि त्यांच्या कल्पनेने आजवर किती अडलेल्यांस घरी पोहोचविले, त्याची गणती नाही. आपल्या प्रभूंनी शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाविषयी श्रोत्यांस प्रश्न केला होता. त्यास तत्काळ वर काढण्यास कोण मागेपुढे पाहील, असा त्याचा आशय होता. बैल वर काढणे हे पुण्यकर्म खरेच; पण त्यानंतर विहिरीस कठडा बांधणारा व दोर शाबूत ठेवणारा मनुष्यही त्याच आज्ञेचे पालन करीत असतो.

यंदा पावसाळा सरल्यावर आमच्या वरच्या वर्गातील काही मुलांनी आपसांत वर्गणी गोळा केली. तीतून एक जाड दोर, चार भक्कम फळ्या व दोन फावडी घेऊन त्यांनी ती किनाऱ्यावरील एका मच्छीमार बांधवाच्या पडवीत ठेविली आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन मुले जाऊन दोर उलगडून पाहतात व कुजला-तुटला असल्यास कळवितात. आजवर त्या फळ्यांची गरज एकदाच पडली. पाहुण्यांनी मोटार वाळूवर उतरवूच नये, हे सर्वांत उत्तम. परंतु त्यांनी ती उतरविली, तर या वेळी दोर मागण्यास कोणास धावावे लागणार नाही.