विश्लेषण : पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आणि दुष्काळातली भाकरी, कोण होते वि. स. पागे?

महाराष्ट्रातील लाखो नोकरदारांच्या सॅलरी स्लिपवर व्यवसाय कराचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. १९७५ मध्ये हा कर लागू झाला तो दुष्काळी गावांतील मजूर आणि अल्पभूधारकांना काम देण्यासाठी निधी उभा राहावा म्हणून. त्यामागची कल्पना होती विठ्ठल सखाराम अर्थात वि. स. पागे यांची.

पागे कोण होते?

पागे यांचा जन्म १९१० चा. शिक्षणाने वकील असलेले पागे स्वातंत्र्यलढ्यात उतरले. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर ही त्यांची कर्मभूमी. १९६० ते १९७८ अशी १८ वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. म्हणजे त्यांच्या हाती कोणतेही खाते नव्हते. पटवून देणे आणि पाठपुरावा करणे एवढेच त्यांना शक्य होते.

नेमका विचार काय?

तासगावचा बराच भाग कमी पावसाचा. पाऊस हुकला की घरचे धान्य जाते आणि दुसऱ्याच्या शेतावरची मजुरीही बुडते. दुकानात ज्वारी असली तरी ती घ्यायला हातात पैसा नसतो. त्यामुळे फक्त धान्य वाटून प्रश्न सुटणार नाही, मजुरी मिळाली पाहिजे, असे पागे यांचे म्हणणे होते. काम बांधबंदिस्ती, नालाबंडिंग, पाझर तलावाचे असेल, तर पुढच्या हंगामात जमिनीत ओलही टिकेल, हा त्यातला दुसरा फायदा.

थोड्या रकमेत किती मजुरांना किती दिवस काम देता येईल, याचा हिशेब त्यांनी पत्नी प्रभाताईंसोबत मांडल्याचे सांगितले जाते. १९६५ च्या सुमारास त्यांनी ही कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे ठेवली. तासगाव तालुक्यातील काही गावांत प्रयोग झाला.

१९७२ मध्ये काय घडले?

मे १९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. तेव्हा राज्याची लोकसंख्या होती सुमारे ५ कोटी. खडी फोडणे, मातीकाम, सुकडी आणि मिलो ज्वारी या आठवणी जुन्या पिढीच्या मनात आजही आहेत. ही कामे मिळाली म्हणून अनेक घरे तगली. पण दुष्काळी कामे सरकारने ठरवले तरच निघतात. पागे यांना हवा होता तो कामाचा हक्क.

कायद्याने काय दिले?

रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर १५ दिवसांत ते द्यायचे. न दिल्यास बेकारी भत्ता. स्त्री-पुरुषांना समान मजुरी. खर्चासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांचा कर आणि त्यात सरकारची भर. बोगस हजेरीपट, रखडलेली मजुरी, अर्धवट कामे अशा तक्रारी पुढे झाल्याच. तरी काम मागण्यासाठी मजुराच्या हाती कायदा आला होता.

पुढे काय झाले?

पागे यांचे १९९० मध्ये निधन झाले. त्याच वर्षी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि लहान शेतकऱ्याला स्वतःच्या कोरडवाहू रानात झाडे लावण्यासाठी अनुदान मिळू लागले. २००५ मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याला महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार होता. फरक एवढाच, की केंद्राने कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती.