जॉन मोझेस ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (२३ जानेवारी, १८५५ : ऑग्डेन, युटा, अमेरिका - २६ नोव्हेंबर, १९२६ : लीजजवळ, बेल्जियम) हे बंदुका आणि पिस्तुले यांचे अमेरिकन रचनाकार होते. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. सैनिकी शस्त्रांमुळे त्यांचे नाव जगभर झाले असले, तरी त्यांच्या कामाची सुरुवात शिकारी बंदुकीपासून झाली आणि अखेरही शिकारी बंदुकीपाशीच झाली. पहिली यशस्वी अर्धस्वयंचलित शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, त्यांनी तयार केली. पुढे ऑटो-५ या नावाने ओळखली गेलेली ही बंदूक जवळजवळ संपूर्ण विसावे शतक उत्पादनात राहिली.

== कुटुंब आणि बालपण ==

जॉन यांचे वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका बनवणारे कारागीर होते. मॉर्मन पंथाचा स्वीकार केल्यावर ते पश्चिमेकडे स्थलांतरित झालेल्या पंथीयांबरोबर १८५२ मध्ये युटात आले व ऑग्डेन गावी त्यांनी दुकान थाटले. जोनाथन यांना तीन पत्नी व बावीस अपत्ये होती. जॉन व त्यांचे धाकटे बंधू मॅथ्यू हे एलिझाबेथ क्लार्क यांचे पुत्र होत. दुकानात मोडक्या बंदुका दुरुस्तीस येत. त्यामुळे कोणता भाग कशाने झिजतो, कोणती कमान कुठे तुटते आणि कोणता खटका केव्हा अडकतो, याचे ज्ञान जॉन यांना पुस्तकाआधी हातांनी झाले.

वयाच्या दहाव्या वर्षी जॉन यांनी दुकानातील टाकाऊ नळी व लाकडाची फळी यांपासून एक बंदूक जुळवली आणि मॅथ्यूसह माळावर जाऊन प्रेअरी चिकन नावाचे रानकोंबडीसारखे पक्षी टिपले. वडिलांनी पक्ष्यांचे कौतुक केले, मात्र बंदुकीच्या ओबडधोबड बांधणीबद्दल नापसंती व्यक्त केली, अशी आठवण कुटुंबात सांगितली जात असे.

== ऑग्डेनचा कारखाना ==

१८७९ हे वर्ष जॉन यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. एप्रिल महिन्यात त्यांचा विवाह रेचेल टेरेसा चाइल्ड यांच्याशी झाला, जूनमध्ये वडिलांचे निधन झाले आणि ७ ऑक्टोबर रोजी एकबारी रायफलीसाठी त्यांना पहिले पेटंट मिळाले. भावांच्या साहाय्याने त्यांनी ऑग्डेन येथे छोटा कारखाना सुरू केला. मॅथ्यू व्यवहार सांभाळत, तर सावत्र बंधू एड हे यंत्रकामात जॉन यांचा उजवा हात होते. जॉन सहसा तपशीलवार आराखडे काढत नसत. मनात जुळवलेली रचना ते नमुन्यांच्या आधारे थेट धातूत उतरवत.

या कारखान्यातील एक रायफल १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीच्या एका विक्रेत्याच्या हाती पडली. तिची घडण पाहून कंपनीचे टी. जी. बेनेट स्वतः ऑग्डेनला आले आणि त्यांनी ८,००० डॉलर देऊन त्या रायफलीचे हक्क विकत घेतले. ही रायफल पुढे विंचेस्टर मॉडेल १८८५ म्हणून बाजारात आली.

== विंचेस्टरसाठी शिकारी बंदुका ==

यानंतर सुमारे एकोणीस वर्षे ब्राउनिंग यांच्या रचना विंचेस्टर कंपनी घेत राहिली. कंपनी ठरावीक रक्कम देऊन संपूर्ण हक्क घेई. काही रचना तिने केवळ इतरांच्या हाती जाऊ नयेत म्हणून घेतल्या व त्या कधीच तयार केल्या नाहीत.

त्या काळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी प्रामुख्याने दुनळी बंदूक वापरली जाई. तिच्यातून दोन बार काढल्यावर ती उघडून पुन्हा भरावी लागे. अनेक काडतुसे सामावणारी शॉटगन तयार करावी, अशी मागणी विंचेस्टरने ब्राउनिंग यांच्याकडे केली. पुढचा दस्ता मागेपुढे सरकवून भरली जाणारी, म्हणजे पंप पद्धतीची बंदूक अधिक योग्य ठरेल, असे त्यांचे मत होते. परंतु कंपनीची ख्याती खालच्या तरफेने भरल्या जाणाऱ्या रायफलींमुळे होती. कंपनीच्या आग्रहानुसार त्यांनी तरफेची मॉडेल १८८७ शॉटगन करून दिली.

पंप पद्धतीची मॉडेल १८९३ त्यानंतर आली. ती काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होती आणि नव्या धूरविरहित दारूचा अधिक दाब तिला मानवत नव्हता. हा दोष दूर करून, सांगाडा अधिक बळकट करून मॉडेल १८९७ तयार झाली. १९५७ पर्यंत तिच्या सुमारे दहा लाख प्रती निघाल्या. बंदूक व काडतूस यांचा मेळ बसला नाही तर उत्तम रचनाही निरुपयोगी ठरते, हा या दोन मॉडेलांमधील फरकातून मिळालेला धडा ब्राउनिंग यांच्या पुढील कामातही दिसतो.

== स्वयंचलित शॉटगन ==

१८८९ च्या सुमारास ऑग्डेनमधील एका नेमबाजीच्या वेळी, बार होताच नळीच्या तोंडासमोरील गवत झोताने वाकते, हे ब्राउनिंग यांच्या लक्षात आले. वाया जाणाऱ्या या शक्तीने बंदूक स्वतःच पुन्हा भरता येईल, या विचारातून त्यांनी प्रथम मशीनगन व नंतर पिस्तुले तयार केली. शॉटगनच्या बाबतीत मात्र ही कल्पना सर्वांत अवघड ठरली. रायफलीच्या गोळ्यांचा जोर बऱ्याच अंशी सारखा असतो. छऱ्यांच्या काडतुसात मात्र दारू व छरे यांचे प्रमाण शिकारीनुसार बदलते. लाव्यासाठी हलके काडतूस आणि हंसासाठी जड काडतूस यांच्या धक्क्यात मोठा फरक पडतो.

ब्राउनिंग यांनी यावर योजलेला उपाय साधा होता. बार झाल्यावर नळी व मागचा खिळा परस्परांत अडकलेल्या स्थितीत एकत्र मागे येतात. त्यानंतर नळी आधी पुढे जाते आणि रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. पाठोपाठ खिळा नवे काडतूस घेऊन पुढे जातो. काडतुसांच्या नळकांड्याभोवती एक कमान, एक कांस्याचा तुकडा आणि एक पोलादी कडे असते. जड काडतुसांसाठी हे कडे कमान व कांस्य यांच्यामध्ये बसवायचे, म्हणजे घर्षण वाढून धक्का आवरला जातो. हलक्या काडतुसांसाठी तेच कडे कमानीच्या मागे ठेवायचे. कडे चुकीच्या जागी असल्यास हलक्या काडतुसांवर बंदूक अडते, तर जड काडतुसांवर तिच्या भागांना हादरे बसून पुढचे लाकूड तडकू शकते. म्हणून या बंदुकीची विश्वसनीयता कारखान्याइतकीच वापरणाऱ्याच्या दक्षतेवरही अवलंबून राहिली.

नळकांड्यात चार व नळीत एक अशी पाच काडतुसे तिच्यात मावत. नळकांड्यातील काडतुसे रोखून धरणारा एक खटकाही तिला होता. बदकांसाठी बंदूक भरली असताना अचानक हंसांचा थवा आला, तर नळकांडे रिकामे न करता नळीत एखादे जड काडतूस घालणे त्यामुळे शक्य होई. अशी सोय स्वतः शिकार करणाऱ्यालाच सुचण्यासारखी होती. ब्राउनिंग हे शिकारी व निष्णात नेमबाज होते. ते, मॅथ्यू, गस बेकर आणि ए. पी. बिगेलो यांचा नेमबाजी संघ चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून चार बी या नावाने प्रसिद्ध होता.

== रॉयल्टीचा वाद ==

या शॉटगनचे पेटंट १९०० मध्ये मिळाले. तिचे मोल जाणून ब्राउनिंग यांनी या वेळी एकरकमी किमतीऐवजी प्रत्येक विक्रीमागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरचे बेनेट यांना ती प्रथा मान्य नव्हती आणि १९०२ मध्ये हे दीर्घ संबंध तुटले. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीकडे गेले. तेथे ते भेटीची वाट पाहत असतानाच कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाल्याचे कळले. त्यानंतर ब्राउनिंग जहाजाने बेल्जियमला गेले. लीजजवळील हर्स्टाल येथील फाब्रिक नॅशनाल (एफएन) हा कारखाना त्यांची पिस्तुले आधीपासूनच तयार करत होता. मार्च १९०२ मध्ये एफएनशी करार झाला आणि पहिल्या १०,००० बंदुकांची मागणी स्वतः ब्राउनिंग यांनीच नोंदवली. पुढे अमेरिकेतील आयात कर वाढल्याने त्यांनी रेमिंग्टनला परवाना दिला. १९०५ पासून निघालेली ती बंदूक नंतर मॉडेल ११ या नावाने विकली गेली.

विंचेस्टरलाही स्वतःची स्वयंचलित शॉटगन हवी होती, पण ब्राउनिंग यांची पेटंटे टाळणे भाग होते. खिळ्याला बाहेरून ओढण्याची मूठ देता न आल्याने मॉडेल १९११ मध्ये नळीच हाताने मागे ढकलावी लागे. काडतूस अडकले असता काही जण दस्ता जमिनीवर टेकवून नळी खाली दाबत. नळीचे तोंड त्या वेळी त्यांच्याच दिशेला असे. यातून जीवघेणे अपघात झाले.

== आक्षेप आणि कायदे ==

लागोपाठ पाच बार काढणारी बंदूक शिकारीत न्याय्य आहे का, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. बाजारासाठी पक्षी मारणारे धंदेवाईक शिकारी तिचा वापर करू लागले. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे यांनी स्वयंचलित व पंप बंदुकांविरुद्ध मोहीम उघडली. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९०७ मध्ये शिकारीत स्वयंचलित बंदुकांना मनाई केली. अर्थात पक्ष्यांचा संहार या बंदुकीपूर्वीच सुरू झाला होता. प्रवासी कबुतरांचे प्रचंड थवे ती बाजारात येण्याआधीच नामशेष होत आले होते. १९३५ मध्ये अमेरिकेच्या संघीय नियमांनी स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत तीनपेक्षा अधिक काडतुसे भरण्यास मनाई केली. तेव्हापासून नळकांड्यात दांडी बसवून ही मर्यादा पाळली जाते.

== सैनिकी शस्त्रे ==

१९११ मध्ये अमेरिकन सैन्याने ब्राउनिंग यांचे पिस्तूल स्वीकारले. त्याआधीच्या चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या विनाअडथळा झाडण्यात आल्या. १९१७ च्या चाचणीत त्यांच्या मशीनगनने २०,००० गोळ्या न अडता झाडल्या. पहिल्या महायुद्धात सरकारने देऊ केलेली ७,५०,००० डॉलरची एकरकमी किंमत त्यांनी स्वीकारली. रॉयल्टीच्या हिशेबाने मिळणारी रक्कम कितीतरी मोठी झाली असती. ज्या तत्त्वासाठी त्यांनी विंचेस्टरशी संबंध तोडले, ते युद्धकाळात देशाशी व्यवहार करताना त्यांनी बाजूला ठेवले.

== अखेरची बंदूक आणि निधन ==

आयुष्याच्या अखेरीस ब्राउनिंग पुन्हा शिकारी बंदुकीकडे वळले. एकाखाली एक नळ्या असलेली सुपरपोज्ड ही दुनळी त्यांनी रचली. नेम धरताना डोळ्यांसमोर एकच नळी राहावी आणि उमरावांच्या महागड्या बंदुकांसारखी घडण सामान्य शिकाऱ्यालाही परवडावी, हा तिचा हेतू होता. तिची पेटंटे मार्च १९२६ मध्ये मिळाली. त्याच वर्षी २६ नोव्हेंबर रोजी एफएनच्या कारखान्यात, पुत्र व्हॅल यांच्या कार्यालयात, हृदयक्रिया बंद पडून ब्राउनिंग यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव अमेरिकेत आणून ऑग्डेन येथे दफन करण्यात आले. सुपरपोज्डचे काम व्हॅल यांनी पूर्ण केले आणि दोन्ही नळ्यांसाठी एकच चाप तिला जोडला.

== वारसा ==

ऑटो-५ चे उत्पादन बेल्जियममध्ये व नंतर जपानमध्ये होऊन १९९८ मध्ये थांबले. ब्राउनिंग यांची १९१५ च्या पेटंटाची पंप शॉटगन प्रथम रेमिंग्टन मॉडेल १७ आणि पुढे इथाका ३७ या रूपाने टिकली. रिकामे काडतूस खालून बाहेर पडत असल्याने ती डावखुऱ्या व उजव्या शिकाऱ्यांना सारखीच सोयीची ठरली. शिकारीसाठी भरवशाची शॉटगन निवडताना आजही दुनळी, पंप व अर्धस्वयंचलित या तीन प्रकारांचाच विचार होतो, आणि या तिन्ही प्रकारांत ब्राउनिंग यांच्या रचना मानदंड मानल्या जातात.