ताराबाई मोडक : बालकाच्या अंगणात गेलेली शाळा



मुळशी तालुक्यातील एखाद्या गावी अंगणवाडीच्या दाराशी क्षणभर थांबा. आईचा पदर घट्ट धरून रडणारे तीन वर्षांचे मूल आपल्याला तेथे दिसू शकेल. त्या रडण्याला आपण सहज हट्ट म्हणतो. वस्तुतः ते भय असते. अनोळखी जागेचे, अनोळखी माणसांचे आणि आईच्या दुराव्याचे. हे भय ओळखून बालशिक्षणाची वाट बदलणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचा परिचय आपण येथे करून घेऊ.

ताराबाईंचा जन्म मुंबईचा. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही. लहानग्या मुलीची जबाबदारी घेऊन त्यांनी राजकोटला अध्यापिका विद्यालयात नोकरी केली. ती स्थिर नोकरीही सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. तेथे मॉन्टेसरी पद्धतीचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव मिळाला. मुलाच्या उंचीचे साहित्य, स्वतः निवडलेले काम आणि आपापली गती ही या पद्धतीची सूत्रे होत. धाक नसला, की मूल हळूहळू स्वतःच पुढे येते, हे त्यांच्या कार्याचे अधिष्ठान ठरले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

तथापि त्यांची खरी कसोटी पुढेच होती. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा मुलांना दोष न देता या दोघींनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. घर समोर, आई हाकेच्या अंतरावर, खेळायला शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे. अनोळखी असे फारसे काही उरलेच नाही. हीच ‘अंगणवाडी’ होय. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडला गेल्यावर वारली मुलांसाठीही हेच सूत्र वापरले गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली.

ताराबाईंना १९६२ मध्ये ‘पद्मभूषण’ मिळाले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. तो दिवस पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

येथे एक बाब लक्षात घ्या. आज अंगणवाडीला बहुधा स्वतंत्र खोली असते. अंगण मागे राहिले, मुलाचे भय मात्र राहिलेच. म्हणून पहिले काही दिवस आईला जवळ बसू देणे, घरातील एखादी वस्तू हातात राहू देणे, मुलाला आधी नुसते पाहू देणे, यांतूनही ते अंगण पुन्हा निर्माण करता येते.

कृती : आपल्या परिसरातील अंगणवाडीस भेट द्या. नव्याने आलेल्या मुलासाठी तेथे ‘अंगण’ कोठे उरले आहे, ते दहा ओळींत लिहा.